दोन क्रेडोंची नदी

वायराकुचो गावात घड्याळं पुष्कळ होती, पण नदी मोजायचं घड्याळ एकच होतं आणि ते मेलितोन वार्कायाच्या तोंडात होतं.

मेलितोन गावाचा पाटकरी. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हे काम त्याच्याकडे आलं, तेव्हा जुन्या पाटकऱ्यानं त्याला तीन गोष्टी दिल्या होत्या: पाटाच्या दारांची किल्ली, पाण्याची खोली मोजायची खुणा पाडलेली काठी आणि क्रेडो. क्रेडो म्हणजे देवावरच्या श्रद्धेची प्रार्थना. ती लहानपणीच सगळ्यांना पाठ होते. देवबापानं पृथ्वी घडवली इथून निघायचं, वाटेत पिलात सुभेदाराच्या हातून येशूनं सोसलं, मेला, तिसऱ्या दिवशी उठला, स्वर्गात चढला असं करत करत 'आमेन'ला पोचायचं. आपल्या आजीबाया त्यावर अंडी उकडायच्या. दीड क्रेडोत बलक मऊ, तीनमध्ये घट्ट. पाटकरी त्यावर नदी मोजायचा.

रीत साधी होती. आयिनमायो नदी गावाच्या वर दोन दगडी काठांमधून सरळ वाहते. तिथे वरच्या अंगाला एक पांढरा खडक आहे आणि खालच्या अंगाला क्रूस कोरलेला खडक. खालच्या बांधामुळे त्या जागी पाण्याची खोली फारशी हलत नाही. हलतो तो वेग. मेलितोन दर बुधवारी आणि रविवारी सकाळी तिथे जायचा. टोपी काढायचा, चघळायच्या कोकाची तीन पानं पाण्याला वाहायचा आणि दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड पांढऱ्या खडकापाशी पाण्यात टाकायचा. मग त्याच्या बरोबरीनं काठानं चालत क्रेडो म्हणायचा. बुरकुंड क्रुसाच्या खडकाशी पोचलं की थांबायचा आणि वहीत लिहायचा. पावसाळ्यात नदी माजली की 'पिलातपर्यंत', म्हणजे अर्धा क्रेडो. मे महिन्यात एक. आणि सप्टेंबरात, नदी सगळ्यांत बारीक होते तेव्हा, दोन.

चौतीस वर्षं. चौतीस वह्या. एकही बुधवार चुकला नाही, एकही रविवार चुकला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी नदी मोजून मग माणूस चर्चमध्ये गेला, आणि नवरी पाउला दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती जन्मभर म्हणायची, "मी सवत म्हणून एक नदी करून घेतली."

माप हलू नये याचीही गावानं सोय केलेली होती. दर वर्षी सप्टेंबरात पाटाची सफाई होते. सगळं गाव फावडी घेऊन उतरतं, गाळ काढतं आणि शेवटच्या दिवशी दुपारी बाराची घंटा झाली की चर्चसमोर पाटकरी टोपी काढून एकट्यानं क्रेडो म्हणतो. त्याला मापाचा क्रेडो म्हणतात. गावानं कान देऊन ऐकायचं, की आपली नदी कोणत्या क्रेडोनं मोजली जातेय. बाजारात आधी वजनाचं माप दाखवतात ना, तसंच. तो झाला की दारूचे बाण सुटतात, बँड वाजतो आणि पाटाचं दार उघडतं.

असा हा मेलितोन. अंगानं काटकुळा, बोलायला तिखट. एखाद्यानं रात्री चोरून आपल्या शेताकडे पाणी फिरवलं तर सकाळी सगळ्यांदेखत त्याला फाडून खायचा. त्याच्या वह्यांसमोर कुणाचं काही चालत नसे. गेल्या दहापंधरा वर्षांत गावात एक कुरबूर सुरू झाली होती, की नदीला पूर्वीचं पाणी राहिलं नाही. विशेषतः पाटाच्या शेपटाला ज्यांची शेतं होती ते म्हणायचे. पाणी शेवटपर्यंत पोचायचंच नाही. त्यांत मेलितोनची थोरली बहीण एर्मेलिंदाही होती. तिच्या घेवड्याचे वेल दर साल फुलावर येऊन करपायचे.

"मेलिचो, नदी आटतेय रे," ती म्हणायची.

मेलितोन वही काढायचा. बोटाला थुंकी लावून पान उलटायचा. "हे बघ. पहिल्या वर्षीचा सप्टेंबर, दोन क्रेडो. हा दहा वर्षांनंतरचा, दोन क्रेडो. हा गेल्या सालचा. किती?"

"दोन."

"मग? नदी तेवढीच आहे. तुमची हाव वाढलीय. आणि तू जरा सकाळी लवकर ऊठ, म्हणजे घेवडा करपणार नाही."

एर्मेलिंदा अडुसष्ट वर्षांची होती आणि पहाटे चारला उठायची. पण लिहिलेल्या अक्षरापुढे ती काय बोलणार! 

त्या वर्षीच्या मे महिन्यात जिल्ह्याच्या पाणी कचेरीतून नेलिदा आल्तामिरानो नावाची इंजिनिअर आली. चाळिशीची बाई, चिखलात जायला न भिणारी. सगळ्या खोऱ्यात कोण किती पाणी वापरतं याचा अंदाज तिला काढायचा होता. खाली मैदानात एका बड्या कंपनीला नवी फळबाग लावायची होती आणि तिनं तीस वर्षांसाठी पाणी मागितलं होतं. खोऱ्यात शिल्लक असेल तर द्यायचं, नसेल तर नाही.

नेलिदा घरोघर फिरली. भांडी मोजली, गाई मोजल्या, लसूणघासाचे वाफे पावलांनी मोजले. मेलितोन तिच्याबरोबर वाट दाखवायला असायचा आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की वाट दाखवणारा हा माणूस वाटेपेक्षा बरंच काही दाखवतोय.

"ही गिरणी लिहा," ती म्हणाली. "पाटाचं निम्मं पाणी घेतेय."

"घेते, पण पीत नाही, बाई. गिरणी नुसतं तोंड धुते. सगळं पाणी खाली परत. पिणारा हा बघा, हा लसूणघास. दिसतो गरीब, पण अट्टल बेवडा आहे. मका उन्हाळ्यात पितो, पण तेवढ्यास तेवढं. बटाटा साधुसंत."

"आणि वरची पाणथळ? तिथलं पाणी तर वायाच जातं."

मेलितोन थांबला. "वाया कसं? तिथे आमचे लामा चरतात, हंस उतरतात. ती पाणथळ पाणी पिते आणि थोडं दडवून ठेवते. ऑगस्टात गावाच्या खाली झरे फुटतात ते कुणाचे? तिचेच. घरात एखादी म्हातारी असते ना, पदराला गाठ मारून ठेवणारी, तशी आहे ती."

नेलिदानं पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं आणि नव्यानं लिहिलं. अशी तिची खोडाखोड दीड महिना चालली. शहरात शिकताना तिनं जे जाड पुस्तकांतून घोकलं होतं, ते हा माणूस चालता चालता कोका चघळत सांगत होता. तिला मनातून चकित व्हायला होई.

पण खरी थक्क ती झाली वह्या पाहून. साऱ्या खोऱ्यात नदीची मागची नोंद कुठेच नव्हती. कचेरीच्या मोजपट्ट्या दोन वेळा पुरात वाहून गेल्या होत्या. आणि इथे एका माणसानं पिठाच्या गोणीत चौतीस वर्षांची नदी भरून ठेवली होती!

"तायता," ती म्हणाली. गावातली तरुण माणसं वडीलधाऱ्यांना तायता म्हणत, तीही म्हणू लागली होती. "एकदा क्रेडो म्हणून दाखवा. मी घड्याळ लावते."

मेलितोननं टोपी काढली, म्हणून दाखवला. पंचेचाळीस सेकंद. तिनं पुन्हा म्हणायला लावला. पंचेचाळीस. जेवून आल्यावर, उकडलेला मका आणि चीज पोटात गेल्यावर, तिसऱ्यांदा. पंचेचाळीस.

"असं कसं जमतं?"

"पाठीवर पोतं घेऊन चढ चढताना म्हणावा तसा म्हणायचा. जुन्या पाटकऱ्यानं तसंच शिकवलंय. घाई नाही, आळस नाही."

जुलैत नेलिदानं गावाला शाळेच्या पटांगणात हिशेब समजावला. आकडे तिनं बाजूला ठेवले आणि घागरींत बोलली. समजा, सप्टेंबरात नदी शंभर घागरी आहे. त्यांतल्या तीस लसूणघास पितो. चौतीस मका, घेवडा आणि बटाटा मिळून. बारा वरच्या पाणथळीच्या. खालच्या शहराला प्यायला सात. गुराढोरांना दोन. गिरणीला शून्य. झाल्या पंच्याऐंशी. शिल्लक पंधरा. आणि मेलितोन यांच्या वह्यांवरून दिसतं की चौतीस वर्षांत नदी तसूभरही कमी झालेली नाही. म्हणजे पुढची तीस वर्षंही शिल्लक पंधरा.

गावकऱ्यांना ते फारसं रुचलं नाही, पण वह्यांविरुद्ध कोण बोलणार? ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी सही व्हायची ठरली. अहवालाच्या पहिल्या पानावर मेलितोन वार्काया हे नाव छापलं जाणार होतं. मेलितोन दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हता. सहीच्या आधीच्या रविवारी महिन्यातून एकदा येणारे पाद्रीबाबा आले आणि त्यांनी त्याला मुद्दाम बोलावून पुढच्या बाकावर बसवलं.

मेलितोन किती वर्षांनी रविवारच्या प्रार्थनेला आला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचा रविवार नदीवर जायचा. आज तो उजाडताच नदी मोजून, धुतलेला पोंचो पांघरून आला होता. क्रेडोची वेळ आली. सगळं चर्च उभं राहून म्हणू लागलं. मेलितोनही आपल्या ठणठणीत आवाजात म्हणू लागला. पिलात झाला, मृत्यू झाला, तिसरा दिवस झाला, तो स्वर्गात चढतोय तोच मागून सगळ्यांचं 'आमेन' झालं. पाद्रीबाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मेलितोन एकटाच म्हणत राहिला. अर्ध्यात सोडणं त्याला ठाऊक नव्हतं. मागच्या बाकांवर पोरी खुसखुसल्या.

बाहेर पायऱ्यांवर एर्मेलिंदा वाटच पाहत होती.

"मेलिचो! तुझा पिलात अजून हातच धूत होता रे, तोवर आमचा येशू मरून, उठून, स्वर्गात जाऊन बसलासुद्धा!"

"तुम्हांला घाई. देवापुढेही घाई."

"आम्हांला घाई? आईनं शिकवला तसाच म्हणतो आम्ही. पूर्वी तूच पुढे असायचास. तुला गाठता गाठता माझी दमछाक व्हायची, विसरलास? आता दात गेले, छातीचा भाता झाला आणि म्हणे आम्हांला घाई."

ती हसत पुढे गेली. मेलितोन पायरीवरच उभा राहिला. *पूर्वी तूच पुढे असायचास.* 

दुपारी तो बहिणीच्या दारात गेला. "चल नदीवर."

"आता? सूप गार होईल."

"होऊ दे."

त्यानं पांढऱ्या खडकापाशी बुरकुंड टाकलं. "तू तुझा म्हण. मनात म्हण आणि बोटांवर मोज. मी माझा म्हणतो."

दोघं भाऊबहीण काठानं चालू लागली. दोघांचे ओठ हलत होते. बुरकुंड रमतगमत क्रुसाच्या खडकाशी पोचलं.

"किती?" मेलितोननं विचारलं.

"तीन झाले."

मेलितोननं आपली दोन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली. मग तो खडकावर बसला. पाण्याकडे बघत बसला. चौतीस वर्षांपूर्वी त्याचा क्रेडो एर्मेलिंदासारखाच होता. तेव्हा ह्याच दोन खडकांमध्ये दोन क्रेडो लागायचे. आज एर्मेलिंदाला तीन लागले. म्हणजे नदी मंदावली होती. एक तृतीयांश नदी गेली होती. आणि त्याला कळलं नाही, कारण ती जसजशी मंदावत गेली तसतसा तोही मंदावत गेला. दर सालच्या मापाच्या क्रेडोत तो इतका थोडा सरकायचा, की गावाच्या कानालाही कळलं नाही.

"काय झालं रे?" एर्मेलिंदानं विचारलं.

"तुझा घेवडा," तो म्हणाला.

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी त्यानं कुणाशी बोलणं टाळलं. गोणीतल्या वह्या काढून अंगणात उन्हात मांडून बसला. गप्प बसला तर काही होणार नव्हतं. गुरुवारी सही होईल, नाव छापून येईल. पण नदी अशीच आटत गेली तर दहाबारा वर्षांत त्या शिल्लक पंधरा घागरी संपतील आणि कंपनीचा लेखी वाटा तर तीस वर्षांचा. मग तोटा कुणाच्या वाट्याला येणार? पाटाच्या शेपटाच्या. आणि बोलला तर? ज्या वह्या नाकासमोर धरून त्यानं सगळ्या गावाची तोंडं बंद केली, त्याच खोट्या, असं त्यालाच सगळ्यांपुढे सांगावं लागणार होतं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? मूल नव्हतं, पाउला गेली होती. ह्या चौतीस वह्या होत्या.

मंगळवारी दुपारी तो नेलिदा उतरली होती त्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"बाई, सही करू नका. वह्यांत माप सारखं दिसतंय. पण मापच हललंय."

त्यानं सगळं सांगितलं. नेलिदा ऐकता ऐकता हळूहळू खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "तायता, मला पटतंय. पण कचेरी म्हणेल, कंपनीचं नाव ऐकलं आणि म्हातारा फिरला. तुम्ही पूर्वी भरभर म्हणायचात याला पुरावा काय? बहिणीची आठवण चालणार नाही."

मेलितोन टोपी हातात फिरवत बसला. मग एकदम उठला. "सेवेरियानो!"

सेवेरियानो हा गावातला दुकानदार. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याला बँडचं वेड होतं. दर वर्षी पाटसफाईच्या सणाला तो टेपरेकॉर्डर घेऊन चर्चसमोर बसायचा, बँड टेप करायचा आणि कॅसेटी विकायचा. आणि बँडच्या आधी, प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला, काय असणार? मापाचा क्रेडो.

त्याची बायको क्लोतिल्दे हिनं पलंगाखालून बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे ओढून काढले. "मी टाकून देणार होते," ती म्हणाली. "पण त्याचं खोकणं आहे त्यांत. म्हणून ठेवल्या."

त्यांतल्या अकरा कॅसेटी अजून वाजत होत्या. पहिली मेलितोन पाटकरी झाल्याच्या तिसऱ्या वर्षाची. खर्रखर्र झाली, मग चर्चची घंटा, बारा ठोके. मग एका तरुण माणसाचा आवाज, धारदार, भरधाव. मेलितोननं क्लोतिल्देकडे पाहिलं. "हा कोण?"

"तू रे मेल्या!"

तीस सेकंद.

नेलिदानं आकडा लिहून घेतला. पण ती इंजिनिअर होती. "थांबा. जुनी फीत ताणली जाते. सेल उतरलेले असले तर वेग बदलतो. टेपच भरभर वाजत असेल तर?"

 मग क्लोतिल्दे म्हणाली, "घंटा आहे की. घंटा तीच आहे. माझ्या आजीच्या लग्नातही तीच वाजली होती."

बुधवारी नदी मोजून आल्यावर मेलितोननं टेप उचलून घंटेखाली नेला. बँडमधला क्लॅरिनेटवाला बोलावला, त्याचा कान पक्का होता. दोर ओढून एक ठोका द्यायचा, मग कॅसेटीतला ठोका ऐकायचा. फीत भरभर धावत असेल तर घंटा चिरकी वाजेल, रेंगाळत असेल तर घोगरी. तीन कॅसेटींत घंटेला पडसं झालेलं होतं. त्या बाजूला ठेवल्या. आठांमध्ये ती जशीच्या तशी होती.

त्या आठ कॅसेटी त्यांनी चर्चच्या पायरीवर बसून ऐकल्या. तीस सेकंद. बत्तीस. चौथ्या कॅसेटीत घंटा झाल्यावर एका बाईचा आवाज आला, "अहो, आधी टोपी काढा!" आणि सगळं गाव हसलं. मग क्रेडो सुरू झाला.

 नेलिदानं त्याच्याकडे पाहिलं आणि न विचारता फीत मागे फिरवली. 'अहो, आधी टोपी काढा!' पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदाही फिरवली. मग पुढे गेले. चौतीस. पस्तीस. आणि त्याच्या पुढच्या कॅसेटीत एकदम एकोणचाळीस.

नेलिदानं कागदावर टिंबं काढली होती. तिनं पेन्सिल टेकवली. "इथे काहीतरी झालंय, तायता."

"तिथे पाउला गेली," मेलितोन म्हणाला.

नेलिदानं वह्यांतली नदी नव्या सेकंदांनी पुन्हा मांडली. टिंबं जोडली. एक रेघ नदीची, एक रेघ माणसाच्या श्वासाची. दोन्ही बरोबरीनं उतरत आल्या होत्या, एकमेकींचा हात धरून उतार उतरावा तशा. साठ सेकंदांत क्रुसाच्या खडकाशी पोचणारं बुरकुंड आता नव्वद सेकंद घेत होतं. पंधरा वर्षं ती खोऱ्याखोऱ्यांतून नद्या मोजत हिंडली होती, पण असं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही आणि नदी एका पावलानं चालत होतात," ती म्हणाली. "म्हणून तुम्हांला ती हलताना दिसलीच नाही."

"मग तिनं मला सांगायचं होतं," म्हातारा म्हणाला. "मी इतकी वर्षं तिला कोका देतोय."

गुरुवारी शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. कचेरीचे साहेब आले होते, कंपनीचा माणूस आला होता आणि गाव तर सगळंच आलं होतं. नेलिदानं नवा कागद दाखवला. कंपनीचा माणूस सभ्य होता, हसून म्हणाला, "आजोबांच्या वह्या गेल्या महिन्यापर्यंत खऱ्या होत्या. आता नाहीत. पुढच्या महिन्यात काय?"

काही लोक मेलितोनकडे वळून पाहू लागले. तो उठला, टेबलाशी गेला, टोपी काढली.

"बाई, पहिली कॅसेट लावा. मी बरोबर म्हणतो."

घंटेचे बारा ठोके झाले. मग तिसाव्या वर्षीचा मेलितोन आणि बासष्टाव्या वर्षीचा मेलितोन एकाच क्षणी सुरू झाले. दोन ओळी दोघं बरोबर होते. मग तरुण सुटला. म्हातारा पृथ्वीवर होता तेव्हा तो येशूच्या आईपाशी, मरियेपाशी होता. म्हातारा पिलातापाशी आला तेव्हा तो तिसऱ्या दिवशी उठून पुढे गेला होता. टेपमध्ये 'आमेन' झालं, दारूचा बाण सुटला, बँडचा पहिला सूर आला आणि पाटाचं दार उघडल्यावर पाण्याचा जो लोंढा सुटतो त्याचा आवाज आला. नेलिदानं टेप बंद केला.

म्हातारा अजून स्वर्गात चढत होता.

कुणी हललं नाही. त्या शांततेत तो एकटा म्हणत राहिला, न घाई करता, न आळस करता, पोतं घेऊन चढ चढावा तसा. एकेका टोपीवर हात गेला, टोप्या उतरल्या. साहेबही उभे राहिले. पंधरा सेकंद हा काही मोठा वेळ नाही. पण ज्यांनी त्या दिवशी ते ऐकलं त्यांना विचारा. शेवटी 'आमेन' झालं.

"हे आत्ता तुम्ही थांबून ऐकलंत ना," मेलितोन म्हणाला, "तेवढी नदी गेली. तुम्ही मला सांगत होतात. मी वही दाखवून तुम्हांला गप्प केलं." तो गर्दीत शोधू लागला, मग त्याला एर्मेलिंदा दिसली. "ताई, तू लवकरच उठत होतीस."

एर्मेलिंदानं पदरासारखी शाल तोंडाला लावली.

कचेरीच्या साहेबांनी नेलिदाचा कागद पुढे ओढला. 'शिल्लक'च्या रकान्यातले पंधरा त्यांनी खोडले आणि पेन्सिलीनं लिहिलं: तीस वर्षांसाठी, शून्य. कंपनीचा माणूस आपली फाईल घेऊन गेला. अहवाल वर्षभरानं छापून आला. पहिल्या पानावर मेलितोन वार्काया हे नाव आहे, आणि खाली त्यानं सांगून लिहवून घेतलेली एक ओळ: 'ह्या नोंदी करणारा म्हातारा होत गेला, हे ध्यानात घेऊन वाचावं.'

नेलिदानं जाताना त्याला आपलं घड्याळ दिलं. ते तो गळ्यात बांधून नदीवर नेतो, सेकंद लिहितो आणि शेजारी क्रेडोही लिहितो, कारण इतक्या वर्षांची सोबत अशी तोडता येत नाही.

त्या सभेनंतरच्या महिन्यात पाद्रीबाबा आले तेव्हा मेलितोन नदी मोजून चर्चमध्ये गेला आणि मागच्या बाकावर बसला. ह्या खेपेला तो आवाज न काढता म्हणणार होता, मनातल्या मनात. पण क्रेडो सुरू झाला आणि त्याच्या कानांना काहीतरी वेगळं लागलं. सगळं चर्च सावकाश म्हणत होतं. पुढच्या बाया, मागच्या पोरी, पाद्रीबाबासुद्धा. पिलातापाशी सगळे त्याच्यासाठी थांबले. स्वर्गात सगळे त्याच्याबरोबर चढले. 'आमेन' एकच झालं.

एर्मेलिंदा त्याच्या पुढच्याच बाकावरून मागे वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण जीभ जागेवर होती.

"बघ मेलिचो," ती कुजबुजली, "तुझ्यापायी आता सगळं गाव स्वर्गात उशिरा पोचणार."